तळघर दाखवण्याचा कार्यक्रम

दर उन्हाळ्यात आम्ही नवराबायको साउथहॅम्प्टनहून निघतो, गाडी बोटीवर चढवतो आणि फ्रान्समधल्या खेडोपाडी विखुरलेल्या मित्रांवर, नातलगांवर धाड घालतो. यंदाचा शेवटचा मुक्काम माझ्या मावसबहिणीकडे, ताईकडे होता. भावजी ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे जुनं दगडी घर घेतलं. गावातली बेकरी बंद पडून तिच्या जागी पाव देणारं मशीन आलंय. ताईला गाडी चालवता येत नाही, आणि बस फक्त शाळा असली की येते. नवऱ्याखेरीज ती रोज बोलते ती त्या मशीनशी. ते निदान आभार मानतं, असं तिचं म्हणणं. तिला ब्रिस्टलला परत जायचंय, लेकीजवळ. पण आधी हे घर विकलं जायला हवं.

आम्ही पोचलो त्याच दुपारी एक डच जोडपं घर बघायला येणार होतं. म्हणजे मुलगी दाखवायचाच कार्यक्रम की! मी लगेच सूत्रं हातात घेतली. बायकोला खिडकीत फुलं ठेवायला लावलं, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मुलीच्या मामासारखा दारात उभा राहिलो. ताईने डब्यातले शेवटचे पोहे भिजवले. आता कशाला जपायचे, ब्रिस्टलला हवे तेवढे मिळतात, म्हणाली.

डच बाईंनी पोहे दोनदा घेतले. बाग आवडली, खिडक्या आवडल्या. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे यावर त्यांची आपसात चर्चा सुरू झाली, तेव्हा ताईने मला हळूच चिमटा काढला.

तेवढ्यात भावजी म्हणाले, "चला, तळघर बघू."

तळघराबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. पण आपल्याकडे घर दाखवायचं म्हणजे माळ्यापासून मोरीपर्यंत. भावजी टॉर्च घेऊन पुढे झाले. कुठल्या हिवाळ्यात पाणी कुठवर चढलं, त्याच्या पेन्सिलीच्या रेघा भिंतीवर होत्या. प्रत्येक रेघ त्यांनी प्रेमाने समजावली. स्वतः बसवलेला पंप ऐन पावसात कसा बंद पडतो, तेही सांगितलं. तुळई आतून किती पोकळ झालीय, ते टिचक्या मारून ऐकवलं. मी खोकलो, विषय हवामानाकडे वळवला. त्यावरून भावजींना आणखी एक रेघ आठवली.

वर आल्यावर डच गृहस्थांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरला. इतका सरळ माणूस भेटत नाही, म्हणाले. मग दोघं गेली, पडद्यांबद्दल पुन्हा काही न बोलता.

भावजी खुशीत होते. "फसवून विकायचं नाही आपल्याला," ते मला म्हणाले. हातातला टॉर्च अजून चालूच होता.

ताई बश्या गोळा करत होती. "अहो, पहिलं गिऱ्हाईक गेलं तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. माझ्या जिभेवर एक झकास विनोद तयार होता. तो मी पोह्यांबरोबर गिळला.

सकाळी निघताना तिने गाडीच्या खिडकीतून जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली आत दिली. आल्यापासून तिने आम्हाला सतत ऐकवलं होतं, पुढच्या वर्षी बोटीची कटकट नको, सरळ ब्रिस्टललाच या. आता ते काही म्हणाली नाही. गाडी सुरू झाल्यावर मात्र वाकून म्हणाली, "येताना पोहे आण रे. जाडे. आणि जरा जास्तच आण."