शेवटच्या पानावरची नावं

दुपारी स्टाफरूममध्ये नववीच्या वह्या तपासत होतो. इतक्या वर्षांनी हात आपोआप चालतो, मन केव्हाच थकलेलं असतं. रेश्माच्या वहीचं शेवटचं पान चुकून उघडलं. अडलं तर कुणाला विचारायचं, त्यांची नावं तिथे होती. विजेसाठी वायरमन मामा. इंग्रजीसाठी ग्रंथालयातल्या काकू. गणितासाठी मोबाइलवर शिकवणाऱ्या कुणी बाई आणि कॉलेजातली आतेबहीण. आपण फळ्यासमोर उभे असतो, आणि मुलं मात्र आपापलं शिकवणारं माणूस शोधत गावभर हिंडून आलेली असतात.

गणित मी शिकवतो. माझं नाव नव्हतं.

रेश्माला बोलावून विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "सर, तुम्ही दमलेले असता. म्हणून नाही विचारत."

राग यायला हवा होता. पण तिने माझी दमणूक पाहिली होती, जपलीही होती.

"माझं नाव लिहिशील?"

तिने पेन उघडलं. "तुम्हाला काय विचारायचं, सर?"

हा प्रश्न मला आजवर कुणी केला नव्हता.

"भूमिती," मी म्हणालो. "दमलो असलो तरी विचार."

तिने ते अख्खं वाक्य लिहून घेतलं.