कपाळावरचा फिकट गोल

पन्नाशी उलटल्यावर मला पॉलिमर क्लेचं खूळ लागलं. जुन्या कादंबऱ्यांतली माणसं वीतभर करायची आणि घरच्या ओव्हनमध्ये भाजायची. ओव्हन घेतला होता नानकटाईसाठी. आता त्यात नायक-नायिका शेकतात. जळगावच्या मे महिन्यात तर नाक काढेपर्यंत माती लोळागोळा होते, त्यामुळे माझे उन्हाळ्यातले सगळे नायक नकटे आहेत.

एक बाहुली मात्र साधली. शाळेत असताना वाचलेल्या कादंबरीतली तरुण विधवा. वर्षानुवर्षं कुंकू लावलेल्या जागी कातडी जराशी फिकट राहते. तो गोल मी वेगळ्या रंगाच्या मातीने बसवला, आरशात बघून. हे गेल्यापासून नमुना घरातच आहे.

संक्रांतीला धुळ्याहून वहिनीचा फोन आला. "ताई, हळदीकुंकू ठेवलंय. बाहुल्या घेऊन या, बायकांना दाखवू."

हे गेल्यावर मला असं कोणी बोलावलंच नव्हतं. मी ठेवणीतली रेशमी साडी नेसले. चुरगळू नये म्हणून बसमध्ये पाठ टेकली नाही.

वहिनीने बाहुल्या दिवाणखान्यात मांडल्या. बायका यायला लागल्या तशी मला म्हणाली, "ताई, आत दूध तेवढं बघता? उतू जाईल."

गॅस बंद होता. मी रेशमी साडीत त्याच्यासमोर दूध बघत उभी राहिले.

बाहेरून वहिनीच्या शिंदखेड्याच्या मावशींचा आवाज आला, "हिनं कपाय कोरं शे वं माय."

"कोरं नाही मावशी, रंग उडालाय. हा बघा टिकलीचा डाग. बसमध्ये घासलं असेल."

"मंग लाई दे ना. असं बरं नही दिसत."

मी दारातून पाहिलं. वहिनीने ओलं कुंकू बोटावर घेऊन नेमकं त्या गोलावर टेकवलं. वर हळद लावली. वाणाचा एक चमचाही तिच्यापुढे ठेवला. बायका हसल्या. बोलावणं कुणाला होतं, ते मला तेव्हा कळलं. मी बाहुल्यांचा डबा उचलून आणण्यापुरती होते.

निघताना वहिनीने तिळगुळाची पुडी माझ्या पिशवीत घातली. "पुढच्या वर्षी आणखी करा हं, ताई. सगळ्यांना फार आवडल्या."

घरी येऊन मी स्पिरिट लावलं, खोडरबर घासून पाहिलं. कुंकू मातीत मुरलंय, निघत नाही. माझं ओल्या पदराने निघालं होतं.