झाळलेला गडू

आफ्रिका म्हटलं की लोकांना सिंह आठवतात. मला पुरणपोळी आठवते, आणि तिच्यामागोमाग स्वतःचाच असा संताप येतो की विचारू नका.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मी नाशकात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. घरी आई आणि धाकटी बहीण. बहिणीचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, तरी ती आमच्याकडेच होती. तिचा नवरा लग्नानंतर चार महिन्यांनी नैरोबीला रेल्वेत कारकून म्हणून गेला, तो गेलाच. सासू-सासरे आधीच वारलेले. ‘क्वार्टर मिळालं की बोलावून घेतो’ हे त्याचं पत्रातलं वाक्य आईलासुद्धा पाठ झालं होतं. पुढे पत्रंही थांबली. हळदीकुंकवाला गेली की बायका विचारायच्या, “काय गं, कधी निघणार?” ती हसून म्हणायची, “निघायचंच आता.” वणीच्या देवीला नवस बोलून झाला होता.

आणि हा नवरा कोण? माझा मित्र! मीच आणलेलं स्थळ. आम्ही चौघं शाळेत एका बाकावरचे. एकदा त्यानं वर्गातला नकाशा फाडला आणि छड्या खाल्ल्या मी. तोंड उघडलं नाही. एकानं केलेलं बाकीच्या तिघांनी गिळायचं, असा आमचा गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठावर ठरलेला कायदा होता. मला त्याचा केवढा अभिमान! गाढव होतो, दुसरं काय.

शेवटी मीच जायचं ठरवलं. बाकीच्या दोघांपैकी एक मुंबईला गोदीच्या कचेरीत, दुसरा मोंबासाला. वाटेत दोन मित्र आणि शेवटाला तिसरा, म्हणजे परदेश कसला तो! शाळेतून बिनपगारी रजा काढली, पासपोर्टासाठी कलेक्टर कचेरीत चपला झिजवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी बहिणीनं तांबटाकडून गडू झाळून आणला. तांब्याच्या गडूत गंगेचं पाणी भरून तोंड डाग देऊन बंद केलेलं. आमच्याकडे आलेला यात्रेकरू असा गडू नेतोच. घरी गेल्यावर नवरा-बायकोनं जोडीनं बसून त्याची पूजा करायची आणि मग तोंड फोडायचं.

“त्यांना सांग, मी आल्याशिवाय फोडायचा नाही,” ती म्हणाली. “जोडीनं बसू. आणि दादा, तिथे काय असेल ते मला खरं सांग. बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. आता नुसती वाट बघणं मला जमत नाही.”

मी म्हटलं, “तुझी शप्पथ.”

मुंबईच्या मित्रानं श्रीखंड खाऊ घातलं आणि दोन दिवस एकच पालुपद लावलं. “आत्ता कशाला मरायला जातोस? दिवाळीनंतर जा, मीही येतो.” त्याची बायको एकदा काही बोलायला गेली, तर “आमटी आण” म्हणून त्यानं तिला आत पिटाळलं. पानात आमटी भरपूर होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बोटीवर डेकचा प्रवास. पहिले चार दिवस पोटात पाणी ठरेना. गडू उशाशी घेऊन निजायचो. एकटा असलो तरी मन भरलेलं होतं. मेव्हण्याला दोन शिव्या हासडायच्या, मिठी मारायची आणि बहिणीला बोलावून घ्यायची तारीख ठरवून यायचं, एवढंच काम आहे असं मला वाटत होतं.

मोंबासाच्या धक्क्यावर दुसरा मित्र उभा होता. मला बघून अक्षरशः रडला. नारळाचं पाणी काय, आंबे काय! पण नैरोबीचं नाव काढलं की म्हणायचा, “वर तापाची साथ आहे. तू इथेच राहा, मी तार करून त्यालाच खाली बोलावतो.” मला वाटलं, बघा, किती जपतो हा माणूस मला! चौथ्या दिवशी मी त्याचं न ऐकता गाडीत बसलो.

नैरोबीच्या स्टेशनावर मेव्हणा आला होता. सुटला होता, केस मागे गेले होते. “घरी जायच्या आधी दोन मिनिटं बोलू,” म्हणाला. मी कसला ऐकतोय! “घरीच बोलू रे,” म्हणत त्याला ओढतच नेलं.

दार एका बाईनं उघडलं. वीस-बावीस वर्षांची, नऊवारीतली, कडेवर तान्ही मुलगी. मला वाटलं शेजारीण असेल. तर तिनं मुलीला खाली ठेवलं आणि माझ्या पायांना हात लावला.

“दादाच म्हणते तुम्हांला,” ती म्हणाली. “ताईंचे भाऊ ते माझे भाऊ.”

वाकली तेव्हा तिच्या गळ्यातला चांदीचा टाक बाहेर आला. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा असा टाक करायचा, गळ्यात घालायचा, सणावाराला आधी त्याला नैवेद्य दाखवायचा. लहानशा चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. ती आकृती माझ्या बहिणीची होती! नाशकात धडधाकट असलेल्या, त्या वेळी बहुधा पापड लाटत असलेल्या माझ्या बहिणीची!

“अविधवा नवमीला ताईंच्या नावानं सवाष्ण जेवायला घालते हो मी, एकदाही चुकवलं नाही,” ती सांगत होती. मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो तिच्या पाठीमागे हात जोडून उभा होता.

एक वाक्य बोलायचं होतं मला. ‘बाई गं, ती जिवंत आहे.’ चार-पाच शब्द. माझ्या जिभेला काय झालं देव जाणे. पोरगी पायाशी रांगत होती, बाई प्रेमानं बोलत होती, आणि मी ट्रंकेतून मुकाट्यानं गडू काढून दिला.

“अगंबाई, गंगा आली!” तिला कोण आनंद झाला. दोघं जोडीनं पाटावर बसली. त्यानं सुरीनं गडूचं तोंड फोडलं, तिनं ते पाणी टाकावर घातलं. मग टाकाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि माझं पान वाढलं.

जेवणानंतर ओसरीवर मी त्याचा दंड धरला. “हे काय केलंस तू?”

“तिचे वडील माझे वरचे साहेब,” तो पुटपुटला. “बिजवराला मुलगी द्यायला तयार होते. सवतीवर देईनात.”

“म्हणून माझी बहीण मारलीस?”

“इथे एकट्यानं राहून बघ, म्हणजे कळेल.”

“आणि मी आत्ता आत जाऊन सांगितलं तर?”

तो चक्क हसला. “तू? नकाशाच्या वेळी सांगितलंस का?”

मला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. हात उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. ट्रंक त्या बाईनंच भरून दिली.

मोंबासाला मित्राला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“अंतरपाट मीच धरला होता,” तो मान खाली घालून म्हणाला. “तुला कुठल्या तोंडानं लिहू?” त्याच्या घरी पाणीही घेतलं नाही. मुंबईला तर धक्क्यावरून सरळ स्टेशन गाठलं. तिघंही हरामखोर, असं मनाशी घोकत घरी आलो.

बहीण दारातच होती. तिनं मला हातपाय धुवायला पाणी दिलं. मग समोर बसली. आणि ज्यानं शप्पथ घेतली होती तो मी काय म्हणालो? “बरा आहे. क्वार्टरचं अजून जमत नाहीये. दिवाळीनंतर बघू म्हणाला.”

“आणि गडू?”

“देवापुढे ठेवलाय, तसाच. तू गेलीस की जोडीनं फोडायचा.”

ती “बरं” म्हणाली आणि माझे कपडे धुवायला काढू लागली. थोड्या वेळानं ती परत आली तेव्हा तिच्या हातात गडू होता. ट्रंकेच्या तळाशी, माझ्या न नेसलेल्या धोतरात गुंडाळलेला. तोंड फोडलेलं, वर खणाचा तुकडा बांधलेला, आत काठोकाठ साखर.

“कुणाचं भांडं रिकामं परत पाठवू नये, हे त्यांना कुठलं सुचायला?” ती म्हणाली. “शेजारचा डबासुद्धा उपडा करून द्यायचे. घरात बाई आहे. कोण आहे ती?”

मग सगळं सांगितलं. टाकाचं, नवमीचं, अंतरपाटाचं. आई भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती. बहीण रडली नाही. “तुम्हां चौघांना चार वेगळ्या शाळांत घालायला हवं होतं,” एवढंच म्हणाली आणि तिनं कोनाड्यातली दौत-टाक आणि कागद काढला.

“त्याला लिहितेस?” मी विचारलं.

“त्यांना कशाला? तिला लिहिते. मी जिवंत आहे म्हणून.”

“दे इकडे, मी लिहितो.”

“तू नको,” ती म्हणाली.

बराच वेळ तिचं लिहिणं चाललं होतं. मग मान वर न करता तिनं विचारलं, “दादा, टाकाला नैवेद्य दाखवला, मग तुझं पान वाढलं. तू जेवलास?”

मी जेवलो होतो. पोळी मऊ झाली होती, म्हणून दुसरी मागून घेतली होती.