पूर्ण नावानं हाक

मीना गेल्याचं मला कळलं ते मी गेले का, हे बघायला आलेल्या फोनवरून. सकाळी भाजी निवडत बसले होते. वाशीहून मावशीचा फोन आला. मी "हॅलो" म्हटलं, तर पलीकडून आधी हुंदका आणि मग एकदम शांतता... "कोण बोलतंय?" तिनं दबकत विचारलं. "मावशी, मी मीना." "आगं, तू गेलीस म्हणून सांगितलं की मला!" मागोमाग पुण्याच्या जुन्या ऑफिसातल्या एकानं माझ्या नवऱ्याला फोन केला आणि "जेवण झालं का" एवढंच विचारून ठेवून दिला. कम्प्युटरवाली मीना गेली, इतकीच बातमी फिरत होती. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी साडी वाळत होती, फुगत होती, खाली बसत होती. मी आहे, एवढं कळत होतं. मग कोण गेली, त्या विचाराच्या जवळ मन जातच नव्हतं. दुपारी येडशीहून युसूफचा, दुसऱ्या मीनाच्या धाकट्या भावाचा, फोन आला. "ताई, आपा गेली. चहा ठेवला, न् ओट्यापाशीच खाली बसली."

ती मीना शेख, येडशीची. मी मीना कवडे, त्याच जिल्ह्यातल्या वाशीची. पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला लागले, तेव्हा ती तिथं आधीपासून होती. आपल्या जिल्ह्याची म्हणून पहिल्याच दिवशी तिनं डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. मी तिला आपा म्हणू लागले. पण साहेबांना दोन मीनांचा वैताग व्हायचा. एकीला हाक मारली की दोघी उठायच्या. शेवटी ते म्हणाले, नवीन आलेल्या मुलीला आपण 'छोटी' म्हणू. मी मान डोलावणारच होते, पण आपा उभी राहिली. "तिचं नाव तिच्या आईनं ठेवलंय, माझं माझ्या नानीनं. दोघींचं राहू द्या, सर. मीना शेख म्हणा, मीना कवडे म्हणा. चार अक्षरं जास्तीची, त्यात काय?" बोलण्यात राग अजिबात नव्हता. जणू खुर्ची जरा सरकवून घ्या, इतक्या सहज म्हणाली. तेव्हापासून त्या ऑफिसात आम्हाला पूर्ण नावानं हाक मारत. पूर्ण नाव ऐकलं की मला उगाच शाळेत बक्षीस घ्यायला उठल्यासारखं वाटायचं...

युसूफला जन्मापासून दिसत नाही. कॉलेजात असताना आपानं त्याच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावरचं मराठी तो मोठ्यानं वाचायचा, तिच्याच आवाजात. एकेक अक्षर तिनं स्वतः बोलून साठवलं होतं. युसूफ त्यावरच बी.ए. झाला. पुढं अब्बांची तब्येत ढासळली, तेव्हा ती पुणं सोडून येडशीला परतली आणि घरूनच कामं घेऊ लागली. युसूफला एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी लागली, घरात आनंदीआनंद झाला. पण तिथल्या नव्या कम्प्युटरवर तो जुना प्रोग्रॅम चालेना. बाजारातला तयार मराठी आवाज घालून बघितला, तर तो येडशीला 'येडाशी' म्हणायचा आणि वेग वाढवला की नुसताच चिरकायचा. कार्यालयातले लोक भले होते. "तुम्ही बसा निवांत," म्हणायचे. एकदा मी त्यांच्या घरी गेले असताना युसूफ म्हणाला, "ताई, पगार देतेत, चहा देतेत, काम तेवढं देत न्हाईत. लई बसून बसून माणूस फर्निचर होतंय." तो हसला. आपा हसली नाही.

म्हणून तिनं नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला, आणि दर रविवारी मी तिच्याकडं जाऊ लागले. नव्या भाषेत मेमरीची झाडलोट यंत्रणा आपली आपण करते, त्याला आम्ही मॅनेज्ड कोड म्हणतो. जुन्या सी प्लस प्लस भाषेत आपण मांडलं ते आपणच आवरायचं, तो अनमॅनेज्ड. तिचा आवाज जुन्यात होता, आणि नवा पडदा वाचायचा तर नव्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोघांना एका घरात नांदवायचं होतं. त्यात नेमकं नाव आडवं आलं. दोन अक्षरांमध्ये किती थांबायचं ते सांभाळणाऱ्या भागाला तिनं तेव्हा 'टायमर' असं साधं नाव दिलं होतं, आणि नव्या यंत्रणेतही तिचा स्वतःचा एक 'टायमर' होता. कम्पायलर, म्हणजे आपलं लिखाण तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा, प्रत्येक ओळीपाशी अडायचा: कोणता टायमर? दोन आहेत. मला वाटलं, सोपं आहे. मी जुन्याचं नाव ओळखपत्राच्या फाईलमध्ये, म्हणजे हेडरमध्ये, बदलून टाकलं. कम्पायलर गप्प बसला, पण पुढच्याच पायरीला सगळे तुकडे जोडणारा लिंकर म्हणाला, या नावाचं इथं कुणी राहत नाही. खरंच होतं. आतला तयार कोड स्वतःला टायमर म्हणूनच ओळखत होता, आणि त्याची मूळ लिखाणाची प्रत ज्या कम्प्युटरवर होती तो विजेच्या झटक्यानं कधीच जळाला होता. नव्याचं नाव बदलणं तर आमच्या हातातच नव्हतं.

ते सगळे रविवार मला आता एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. खिडकीबाहेर रामलिंगाकडचा डोंगर धुरकट दिसायचा, पंखा संथ फिरायचा, कोपऱ्यात अब्बा डोळे मिटून पडलेले असायचे, आणि पडद्यावर लाल ओळी उगवायच्या, मावळायच्या. "आपा, आवाज नव्यानं रेकॉर्ड करू या का? सगळंच नवं लिहू," मी एकदा म्हटलं. ती डोंगराकडं बघत म्हणाली, "करता येईल गं. पण युसूफचा कान त्या थांबण्यावर बसलाय. मी कुठं श्वास घेते ते त्याला पाठ आहे. ते न्हाय मोडायचं." मग खुर्ची पुढं ओढून ती म्हणाली, "कुणाचं नाव बदलायचं न्हाय. दोघांना पूर्ण नावानं हाक मारू."

मी नव्या यंत्रणेचा सगळा नेमस्पेस, म्हणजे नावांचा अख्खा मोहल्लाच, फाईलच्या माथ्यावर एका ओळीत आत घेतला होता. गोंधळ त्यानंच झाला होता. तिनं ती ओळ काढून टाकली. जिथं नवा टायमर हवा तिथं त्याच्या मोहल्ल्यासकट पूर्ण नाव लिहिलं. जुन्याला मोहल्ला नव्हताच. त्याच्या नावाआधी तिनं नुसती टिंबांची जोडी, दोनदा, दिली. ज्याच्या आधी काही नाही, तो मूळचा. आणि दोघांची गाठ पडावी म्हणून मध्ये एक छोटी फाईल ठेवली. बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमला एकाच टायमरची ओळख, दोघांना ओळखणारी ही एकटी. काम दिसायला किरकोळ होतं, पण शेकडो ओळी तिनं एकेक करून न कंटाळता दुरुस्त केल्या. ज्या रविवारी लाल ओळ उगवली नाही, त्या दिवशी युसूफनं हेडफोन लावला, डोकं किंचित कललं आणि तो म्हणाला, "व्हय. आपाच हाय."

पुढं त्याच्या टेबलावर काम येऊ लागलं, इतकं की घरी आल्यावर तो कुरकुर करायचा. आपाला त्या कुरकुरीचं फार कौतुक होतं.

गेल्या आठवड्यात मी येडशीला गेले. अब्बा जाऊनही आता बराच काळ झाला, घरात युसूफ एकटाच. त्यानं चहा केला, मला ओट्याकडं जाऊ दिलं नाही. मग म्हणाला, "ताई, थोडं ऐकता?" त्यानं हेडफोनची तार काढली. खोलीत पाखरांच्या थव्यासारखा किलबिलाट भरला. त्यात मला एक शब्द कळेना. "हा माझा वेग," तो म्हणाला. "आमी असंच ऐकतो. ऑफिसात कुणाला कळतच न्हाई, मी काय ऐकतोय ते." त्यानं एक कळ दाबली, परत दाबली, दाबत राहिला. किलबिलाट विरत गेला, आवाज खाली उतरला, शब्द एकमेकांपासून सुटे झाले... आणि विशीतली मीना शेख, कुठल्याशा रजेच्या अर्जातलं वाक्य, सावकाश, श्वास घेत वाचू लागली.

'मिळावी' म्हणताना तिच्या 'ळ'च्या मागं काहीतरी लांबवर घरघरत गेलं.

"गाडी हाय ती," युसूफ म्हणाला. "रेकॉर्ड करताना दारंखिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या आपानं, तरी आत आली."

तो हात कळेवर ठेवून तसाच बसला होता, वेग न वाढवता. इतक्या हळू त्यानंही तिला किती वर्षांत ऐकलं नव्हतं.