डिंकमावशीची वेल

वनस्पती संशोधन संस्थेत तिला सगळे डिंकमावशी म्हणत. वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर डिंकाने चिकटवायच्या, दांडग्या देठांना दोऱ्याचे टाके घालायचे आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची, हे तिचं एकतीस वर्षांचं काम. फाटलेलं पान ती असं बसवायची, की फाटल्याची जागा भिंग लावूनही सापडू नये.

"मावशी, माणसं पण चिकटवता का?" शिपाई विचारायचा.

"आधी दाबून वाळवावी लागतात. येतोस?"

तिचे वडील हाडवैद्य होते. मोडलेला हात बांबूच्या कामट्यांत बांधण्याआधी सूज उतरावी म्हणून ते एका वेलीचा पाला ठेचून लावत. पाला आणायला डोंगरावर जाताना लेकीला बरोबर नेत. वेलीचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. नुसतं "आपली" म्हणत. ती नऊ वर्षांची असताना ते तापाने गेले. आई तिला घेऊन मामाकडे शहरात आली आणि डोंगर मागे राहिला तो राहिलाच.

नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, आज ना उद्या ती वेल आपल्या हाताखालून जाईल. नवा गठ्ठा सोडताना ती एकेक पान निरखायची. पण वाळलेली पानं सगळी तपकिरी. तिला नीट आठवत होता तो फक्त वास, वडिलांच्या बोटांना येणारा, कडवट आणि गार.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना, सूज उतरवणाऱ्या वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या बाईंपाशी ती हे बोलून गेली.

"इतकी वर्षं मूग गिळून बसलात, मावशी?"

"कोणी विचारलं कधी?"

बाई ओशाळल्या. पुढच्याच आठवड्यात दोघी जीपने निघाल्या.

डोंगराची एक बाजू खडीसाठी पोखरलेली होती. दुसऱ्या बाजूने दोन तास चढल्यावर मावशी ओढ्याकाठी थबकली. तीन बोटांसारखं पान, देठावर तांबूस लव. बाबा इथेच वाकून पाला तोडायचे, हे जागा पाहताच तिला आठवलं. तिने पान चुरडून नाकाशी नेलं. मग आणखी एक.

"हीच ना?" बाईंनी विचारलं.

"वेल हीच. वास तो नाही."

"म्हणजे?"

"तो वास बाबांचा होता, बाई. तेलाचा, तंबाखूचा, घामाचा. वेल त्यात होती एवढंच."

ती दगडावर बसून रडली. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

परतल्यावर बाईंनी वेल ओळखून काढली. तिचा एक नमुना कपाटात होता, अकरा वर्षांपूर्वीचा, मावशीनेच चिकटवलेला. लॅटिन नाव ठसठशीत होतं, उपयोगाचा रकाना कोरा.

"माझ्या हाताखालून गेली आणि मला कळलं नाही," मावशी म्हणाली आणि बराच वेळ त्या कागदावर तळवा ठेवून उभी राहिली.

प्रयोगशाळेत पानांच्या अर्काने उंदरांच्या पायांची सूज उतरली. बाईंनी शोधनिबंध लिहिला आणि या उपयोगाचे पहिले जाणकार म्हणून मावशीच्या वडिलांचं नाव त्यात घातलं. छापील अंक आला तेव्हा मावशीने ते नाव दोनदा वाचलं.

"त्यांना वाचता येत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मी वाचून दाखवलं असतं."