एका कडेला केसभर जाड

माझी धाकटी बहीण दूधवाल्यावर विश्वास ठेवत नाही, घड्याळावर ठेवत नाही आणि माझ्यावर तर मुळीच नाही. चहात साखर घातली म्हटलं तरी चमच्याने तळ ढवळून बघणार. घरात सगळे तिला तपासनीस म्हणतात. तिने लग्न केलं नाही, कारण आलेल्या प्रत्येक स्थळात तिला काही ना काही खोट दिसली. माझे यजमान गेल्यापासून मी तिच्याकडेच राहते, म्हणजे तिच्या नजरेखालीच म्हणा ना.

सव्वीस वर्षं ती एका मोठ्या प्रयोगशाळेच्या तळघरात काच घासते. बिस्किटाएवढ्या गोल चकत्या. त्यांना तिथे खिडक्या म्हणतात, कारण वरच्या मजल्यावर लेसरचा उजेड या चकत्यांतूनच रसायनाच्या भांड्यात शिरतो. तो कशाला शिरतो, हे तिनेच मला एकदा भाजी निवडताना समजावलं होतं.

"ताई, रेणू तुटतो ना, तो डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तुटून मोकळा होतो. म्हणून लेसरचे दोन झोत सोडतात. पहिला मारतो, दुसरा बघतो."

"म्हणजे एक गुंड आणि एक साक्षीदार."

"तसंच. साक्षीदाराला किती उशिरा पाठवायचं, ते आरशांवर ठरतं. त्याला लांबच्या वाटेने फिरवून आणायचं. वाट लांब, तितका उशीर."

आता तिची काच. जुन्या मिस्त्रींनी तिला शिकवलं होतं की चकतीची एक कड केसभर जाड ठेवायची. दोन्ही बाजू अगदी समांतर असल्या, तर थोडा उजेड काचेतल्या काचेत मागेपुढे आपटतो आणि मागाहून, त्याच वाटेने, गुपचूप भांड्यात शिरतो. कड जाड असली की हा रेंगाळणारा उजेड तिरका होऊन भलतीकडे जातो. मिस्त्री वारले. कागदावर हे कुणी लिहिलं नव्हतं.

मग नवे साहेब आले, सोबत मोजायचं नवं यंत्र घेऊन.

"बाई, तुमच्या सगळ्या काचा तिरक्या आहेत. डोळे तपासून घ्या एकदा."

"मुद्दाम ठेवते, साहेब."

"चूक सापडली की सगळे असंच म्हणतात," म्हणून ते हसले आणि लेखी हुकूम दिला: दोन्ही बाजू समांतर हव्यात. आमच्या तपासनीसबाईंनी मग चकती अशी समांतर घासली की यंत्राला बोट ठेवायला जागा उरली नाही. चार दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही ती.

तीन महिने गेले. वर एक मुलगी चार वर्षं डॉक्टरेटसाठी राबत होती. पडताळणी म्हणून तिने साक्षीदाराला गुंडाच्या आधी पाठवून बघितलं. तेव्हा रेणू धडधाकट दिसायला हवा. पण तो तुटलेला दिसला. वार व्हायच्या आधीच जखम! साहेबांना वाटलं, पोरीने आकडे रचले. पोरीला आरशांचा संशय. शेजारच्या टेबलावरचे दोघं तर ती आली की बोलणं थांबवायचे. साहेबांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही, तर चारही वर्षांचं काम रद्द.

बुधवारी संध्याकाळी मुलगी आमच्या दारात उभी.

"मावशी, सगळं बदलून बघितलं. तीन महिन्यांपूर्वी खिडकी तुम्हीच बदललीत ना?"

"साहेबांच्या हुकुमाने. कागद आहे माझ्याकडे," बहीण म्हणाली आणि उठून धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. लहानपणापासून ओळखते मी हिला. काही लपवायचं असलं की हिचे हात पाण्यात जातात.

मुलगी गेल्यावर मी धरलं तिला. "तुला माहीत आहे काय झालंय ते."

"मला काय माहीत असणार? मी तळघरातली."

"त्या जाड कडेचं मला कुणी सांगितलं होतं? शेजारणीने?"

तिने नळ बंद केला. "सांगितलं तर पहिला प्रश्न काय येईल? तीन महिने गप्प का बसलात? मुद्दाम केलं म्हणतील, ताई. काढून टाकतील. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत माझ्या."

"आणि त्या पोरीची चार वर्षं?"

तिने फडकं घेऊन कप पुसायला सुरुवात केली. मीही पुढे खोदून विचारलं नाही, कारण तिने मुद्दाम केलं नसेल अशी माझीच खात्री नव्हती.

गुरुवारी ती दिवसभर तळघरात होती. शुक्रवारी तिने साहेबांच्या टेबलावर एक चकती ठेवली. पुढचं तिने मला सांगितलं, पण मी ते त्या मुलीलाही वेगळं विचारून घेतलं.

साहेबांनी चकती मोजली. "ही तर तिरकी आहे."

"म्हणूनच लावा."

लावली. दुपारपर्यंत आलेखाच्या कागदावरची ती चोरटी जखम नाहीशी झाली. साक्षीदाराचा काचेत रेंगाळलेला उजेड गुंडाच्या मागून भांड्यात शिरून तुटलेला रेणू बघत होता, तो आता भलतीकडे गेला. वाराच्या आधीची रेघ भांग पाडल्यासारखी सरळ. मुलीला रडू फुटलं. साहेबांनी रेघ बघितली, मग हिच्याकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि बोलला नाहीत."

"एकदा बोलले, तेव्हा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. ते चुकलं माझं."

साहेबांनी दोन पत्रं काढली. एक, यापुढे खिडकीची एक कड जाड ठेवावी, किती ते आकड्यासकट. दुसरं हिच्या नावाचं: माहिती दडवली म्हणून सहा महिने काच घासायच्या यंत्रावरून उठवून सामानाच्या कोठीत बदली. मुलगी भांडायला निघाली, तर ही म्हणाली, "गप्प बस गं, बरोबर लिहिलंय," आणि दोन्ही पत्रं दोनदा वाचून सही केली.

घरी आल्यावर मी विचारलं, "आता तरी सांग. मुद्दाम केलंस?"

"आधी राग होता. म्हटलं, आपटू देत साहेब तोंडावर. तिथे पोरगी आपटेल हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा भीती वाटायला लागली होती."

खरं असेल. राग नेमका कधी संपला, ते मात्र तिने सांगितलं नाही.

तिच्या यंत्रावर आता दुसरा माणूस बसतो. आकडा पत्रात आहे, पण ती कड हाताने कशी साधायची ते त्याला कुणी शिकवायचं, हे साहेबांनी लिहिलं नव्हतं. सोमवारी ही नेहमीपेक्षा पाऊण तास आधीच चपला घालायला लागली.

"कोठी इतक्या लवकर उघडते?"

"नाही," ती म्हणाली. "तळघर उघडतं."

"बोलावलंय का तुला त्याने?"

"नाही बोलावलं," म्हणत तिने दार ओढून घेतलं.