डिंकमामांचा उलटा फर्मा

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात एकतीस वर्षं पुस्तकं बांधणारे डिंकमामा बोलायला मऊ, पण कामात सख्ख्या भावालाही सवलत न देणारे. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून ते आपल्या नावाची बोटभर चिठ्ठी चिकटवत. एकही पान कधी इकडचं तिकडे झालं नाही, एवढीच त्यांची मिरवायची गोष्ट. निवृत्तीला महिना उरला असताना तीही गेली.

एका हिब्रू संदेष्ट्याच्या ग्रंथाचं भाषांतर त्यांनी दोन वर्षांपूर्वी बांधलं होतं. त्यात सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे मागेपुढे झालेले त्यांना अचानक दिसले. संदेष्टा आधी क्षमा करत होता आणि मग शाप देत होता. दोन दिवस मामांना अन्न गोड लागलं नाही.

पण तोवर वरच्या मजल्यावर साहित्य शिकवणाऱ्या सिद्धान्तसरांनी याच प्रतीवर प्रबंध लिहिला होता. संदेष्टा गुन्ह्याआधीच क्षमा देऊन काळाची चौकट उद्ध्वस्त करतो, असं त्यात होतं. आम्हा कारकुनांना तो कळला नाही. निवड समितीलाही कळला नसावा, कारण त्याला पारितोषिक मिळालं. पानांचे आकडे उलटे आहेत हे सरांनी पाहिलं होतं. 'आकड्यांमागे जाणारा वाचक गुलाम असतो' अशी तळटीपही ठोकून दिली होती.

मामा मान खाली घालून वर गेले. मी फायली घेऊन तिथेच होतो. त्यांनी चूक कबूल केली आणि सरांच्या नावावर असलेली ती प्रत दुरुस्तीसाठी मागितली. सर हसले. लेखकाचा हेतू केव्हाच मेला, बांधणाऱ्याचाही मेला, आता चूक नावाची गोष्टच उरलेली नाही, असं त्यांनी समजावलं. मामांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सरांनी सांगितलं, वर्गासाठी आलेल्या, अजून न बांधलेल्या अकरा प्रतीही अशाच बांधा, मुलांचा गोंधळ नको. मला असा संताप आला की फायली टेबलावर आदळल्या.

"एकदा हातून झाली ती चूक होती, सर," मामा म्हणाले. "मुद्दाम केली तर ते माझं काम होईल. तसलं काम मला येत नाही."

अकराही प्रती त्यांनी सरळ बांधल्या, चिठ्ठ्यांसकट. वर्गात सर एका पानावर आणि मुलं भलत्याच पानावर, असं सुरू झालं.

निवृत्तीच्या आठवड्यात सरांचा प्रबंधच बांधायला आला. मामांनी पान न पान तपासून तो चोख बांधला. सर प्रत घ्यायला आले, मागचा पुठ्ठा उघडून पाहिला आणि तुमची चिठ्ठी कुठे, असं विचारलं.

मामा हातावरचा वाळलेला डिंक खरवडत होते.

"बांधणारा मेलाय ना, सर."